पाठ्यपुस्तक ठरलेली तबकडी

'पाठ्यपुस्तक' या शब्दातले 'पुस्तक' अनिवार्य आहे काय? अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शिक्षण मंडळाने १९९० साली या प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिले. न्यू जर्सीतील ऑप्टिकल डेटा कॉर्पोरेशनची 'विंडोज ऑन सायन्स' ही व्हिडिओडिस्कची मालिका प्राथमिक शाळांत विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाला पर्याय म्हणून मंडळाने मान्य केली. पुस्तकांसाठी राखलेला पैसा शाळांना तबकड्यांवर खर्च करता येऊ लागला.

ही तबकडी ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची. १९७८ च्या अखेरीस ती अमेरिकेच्या बाजारात आली ती घरी चित्रपट पाहण्यासाठी. वर्गाच्या उपयोगी पडला तो तिचा निराळाच गुण. शाळांना सोयीच्या प्रकारात एका बाजूवर ५४,००० चित्रचौकटी मावत. सेकंदाला ३० या वेगाने त्या अर्ध्या तासात संपत. पण प्रत्येक चौकटीला स्वतःचा क्रमांक होता. तो दिला की यंत्र थोड्याच वेळात तेथे पोहोचे आणि ती चौकट हवी तितका वेळ पडद्यावर स्थिर राही. कॅसेटवर थांबवलेले चित्र थरथरे, फीत झिजे. येथे तबकडीला स्पर्श होई तो केवळ लेसरच्या प्रकाशाचा. उमलणारी कळी मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' असे मुलांना विचारता येऊ लागले. चित्रपटाने शिक्षकाकडून हिरावलेला विराम या यंत्राने त्याला परत दिला. माझ्या मते त्याचे खरे मोल एवढेच. बाकीचा गाजावाजा विक्रेत्यांचा.

पण चोपन्न हजारांतून नेमकी चौकट शोधायची कशी? त्यासाठी कागदच लागे. शिक्षकाच्या मार्गदर्शिकेत पाठाशेजारी बारकोड छापलेले असत. त्यांवरून बारकोड वाचणारे उपकरण फिरवले की चित्र उमटे. म्हणजे छापील पान हद्दपार झाले नाही, ते शिक्षकाच्या हाती एकवटले. हा बदल मला तंत्राहून महत्त्वाचा वाटतो. पुस्तक मूल घरी नेते, मागेपुढे चाळते, अजून न शिकवलेला धडा आधीच वाचून टाकते. तबकडी वर्गातच राहते, आणि चाळण्याचा अधिकार यंत्र चालवणाऱ्यापाशी.

पुढे सीडी-रॉम आणि डीव्हीडी आल्या, आणि २००९ मध्ये पायोनियर कंपनीने या तबकड्यांच्या प्लेअरचे उत्पादन थांबवले. तबकडीवरचे चित्र ॲनालॉग संकेतांत नोंदलेले. ते पाहायला चालू स्थितीतले जुने यंत्रच हवे. १९९० चे छापील विज्ञानपुस्तक आजही कोणीही उघडावे. मार्गदर्शिकेतला मजकूरही वाचता येतो. शेजारच्या काळ्या रेघा कोणत्या चित्राकडे बोट दाखवतात, ते मात्र यंत्रावाचून दिसत नाही.