जुळं, जांवळं आणि योगायोग

आर्वीच्या बाजारात केळी घेत होतो. फणीत एक केळं होतं एका सालीत दोन. विकणारी आजी माझ्या पुतणीला म्हणाली, "ते जुयं केयं तू नोको खाऊ वो पोरी, जुये होतात." पोरगी लाजली. वऱ्हाडी जीभ 'ळ' टाळते. डोळ्याचा डोया होतो, तसंच जुळ्याचं जुयं.

संस्कृत 'युगल', प्राकृत 'जुअल' आणि मग आपलं 'जुळं', अशी वाट सांगतात. युगलाच्या मुळाशी 'युज्', म्हणजे जोडणं. बैलांच्या मानेवरचं 'जू' याच घरातलं, 'युग'वरून आलेलं. आजीचं 'जुयं' ळ टाकून त्या जुवाच्या आणखी जवळ सरकलं, असं मला उगाच वाटून गेलं. जुन्या मराठीत दुसरा शब्द होता 'जांवळं', तो 'यमल'चा. यम म्हणजे मुळात जुळा, यमीचा भाऊ. रेडा आणि फास नंतरचे. कवितेतलं 'यमक'ही तिथलंच. म्हणून 'यमक जुळलं' म्हणताना आपण एका दमात दोन जुळी बोलून जातो.

एकाला लागलं की दुसऱ्याला कळ येते, हे जुळ्यांबद्दल आपण सगळ्यांनीच ऐकलेलं. त्यासाठी आता सर्रास 'टेलिपथी' म्हणतात. हा शब्द १८८२ मध्ये फ्रेडरिक मायर्स यांनी ग्रीकातून घडवला : 'टेले' म्हणजे दूर, 'पाथोस' म्हणजे जाणीव, वेदना. शब्दातच अंतर आहे. काहीतरी इथून निघून तिथं पोचलं पाहिजे. मराठीत मनं पोचत नाहीत, जुळतात. हा फरक बारीक आहे, पण संशोधनाचं सगळं घोडं तिथंच अडलं आहे.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये जुळ्यांच्या हकिगती पत्रांनी गोळा केल्या. त्यात एक जण स्कॉटलंडमध्ये शँपेनचे पेले घेतो, भावाला चकित करायला. त्याच सुमारास इंग्लंडमधला भाऊ त्याच नक्षीचे पेले त्याच्यासाठी घेतो. निरोप गेला, की आवड मुळातच एक? १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख आला. जुळ्यांपैकी एकानं डोळे मिटले की मेंदूत अल्फा लहरी उमटतात. दुसऱ्या खोलीतल्या भावंडाच्या मेंदूतही त्या उमटतात का, ते पाहिलं होतं. १५ जोड्यांपैकी दोन जोड्यांत उमटल्या, असा दावा. पद्धतीवर लगेच टीका झाली, आणि त्यावर भक्कम असं काही पुढे उभं राहिलं नाही.

मला आवडतो तो सूझन ब्लॅकमोर आणि फ्रान्सिस चेंबरलेन यांचा १९९३चा प्रयोग. एकानं मनातून 'पाठवायचं', दुसऱ्यानं ओळखायचं. काय पाठवायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, तेव्हा जुळ्यांना काही विशेष साधलं नाही. पाठवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं निवडलं, तेव्हा मात्र उत्तरं जास्त जुळली. पोचलं काहीच नव्हतं. दोघांना सुचलं एकच. मराठीत याला 'विचार जुळले' म्हणतात, आणि कुणी दचकत नाही.

उरलेल्या हकिगतींना शास्त्रज्ञ 'योगायोग' म्हणतात. हाही युज्-चाच मुलगा, जुळ्यांचा सख्खा भाऊ! आणि त्याची फोड पाहा : योग अधिक अयोग. जुळलेलं आणि न जुळलेलं, दोन्ही मोजायचं. आपण वापरताना पहिलंच तेवढं धरतो. भावाला ताप आला आणि बहीण मजेत भेळ खात होती, ती दुपार कोण सांगतं?

आजीनं डझन मोजला. जुयं केळं आलं तसा तिचा हात थांबला. मी म्हटलं, "हे एक की दोन?" तिनं क्षणभर पाहिलं, ते पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "एकच धरतो मी."