ईस्टरची रपेट

एप्रिल लागला की इंग्लंडातल्या गवताळ टेकड्यांवर, हॉलंडच्या कालव्यांकाठी, बेल्जियमच्या फळबागांतून माणसं सायकली घेऊन बाहेर पडतात. शर्यत नसते, कुठे वेळेवर पोचायचं नसतं. दहा-पंधरा मैल जायचं, वाटेतल्या एखाद्या गावात चहा नाहीतर बिअर घ्यायची, उन्हात बसायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. चैत्रात सावली शोधणाऱ्या आपल्याला या ओढीचा अंदाज चटकन येत नाही. तिकडे हिवाळ्यात चार वाजताच काळोख दाटतो, रस्ते ओले असतात, सायकल महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून राहते. मग दिवस झपाट्याने लांबू लागतो, कुंपणांवर पांढरी फुलं येतात आणि घरात बसवत नाही.

सायकलचा इतिहास म्हटलं की आपण यंत्राचा इतिहास वाचतो. तो थोडक्यात सांगून टाकतो. १८१७ च्या जूनमध्ये कार्ल ड्राइस जर्मनीतल्या मॅनहाइममधून एक लाकडी दुचाकी घेऊन निघाला. तिला पायडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत ती चालवायची. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसलं. नंतर ते चाक पुरुषभर उंच झालं आणि सायकल धाडसी, खिशात पैसे असलेल्या तरुणांची झाली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेन मागच्या चाकाला. तीन वर्षांनी बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर केला, आणि आज आपण चालवतो ती सायकल बहुतेक तयार झाली.

पण सायकल तयार झाली म्हणून रपेट सुरू होत नाही. चालवणाऱ्याला मोकळा दिवस लागतो. या रीतीचं खरं मूळ मला तिथे दिसतं, आणि म्हणून ही कुळकथा कारखान्याच्या भोंग्यापासून सांगायला हवी.

१८५० च्या फॅक्टरी कायद्याने इंग्लंडातल्या कापड गिरण्यांमधल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबलं. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसे, त्यामुळे पुरुषही सुटू लागले. १८७१ मध्ये जॉन लबकने मांडलेला बँक सुट्ट्यांचा कायदा आला आणि ईस्टरचा सोमवार सुट्टीचा ठरला. गुड फ्रायडेला आधीपासून काम बंद असे. शुक्रवार मोकळा, शनिवार निदान अर्धा, रविवार देवाचा आणि आता सोमवारही. वर्षाच्या नेमक्या त्या आठवड्यात, हिवाळा सरता सरता, कामकरी माणसाच्या हाती सलग दिवस आले. रस्त्यांच्या दृष्टीनेही तो मोसम बरा. डांबर अजून आलं नव्हतं. खडी दाबून केलेल्या रस्त्यांवर हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा. वसंतात त्या दोन्हींच्या मधले काही आठवडे मिळत.

मुंबईत याच काळात नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी झगडत होते. १८९० मध्ये त्यांना रविवार मिळाला. खंडोबाचा वार मोकळा झाला. सायकल मात्र गिरणगावातल्या कामगाराच्या आवाक्यात नव्हती. बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीच्या कामगाराच्या आवाक्यात ती नुकती येत होती. त्याच भागात सायकली बनत, आणि कालची सायकल आज जुन्या बाजारात निम्म्या किमतीत सापडे.

त्या बर्मिंगहॅममध्ये १८९४ च्या फेब्रुवारीत ‘लेबर चर्च’ या समाजवादी प्रार्थनामंडळात जमणाऱ्या काही तरुणांनी एक सायकल मंडळ काढलं. पुढाकार टॉम ग्रूम याचा. आधी त्यांनी नुसतं समाजवाद्यांचं सायकल मंडळ म्हणवून घेतलं. पुढच्याच बैठकीत त्यांनी आपल्या लाडक्या साप्ताहिकाचं नाव घेतलं: ‘क्लॅरियन’. रॉबर्ट ब्लॅचफर्डने १८९१ मध्ये मँचेस्टरात सुरू केलेलं हे पत्र समाजवादाचा प्रचार करी, तोही हसतखेळत. त्या वर्षीच्या ईस्टरला मंडळातले थोडे जण एकत्र बाहेर पडले. या पहिल्या सहलीची हकीकत ‘क्लॅरियन’मध्ये छापून आली आणि इतर गावांत हालचाल सुरू झाली. वर्ष संपेपर्यंत पॉटरीज म्हणजे कुंभारकामाचा मुलूख, लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड आणि बार्न्झ्ली इथे मंडळं निघाली. १८९५ च्या ईस्टरला ही सगळी मंडळी डर्बीशरमधल्या ॲशबर्न या छोट्या गावात भेटली. तिथे राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं, आणि ‘ईस्टर मीट’ची प्रथा पडली.

मला हा सगळा प्रकार फार जवळचा वाटतो. आठवडाभर धुराड्यांखाली काम करणारी माणसं शहराच्या हद्दीबाहेर पडत तेव्हा बरोबर पत्रकं असत, विकायला अंक असत, गावच्या चौकात सभा घ्यायची तयारी असे. पण ती केवळ प्रचाराला जात नव्हती. हिरवळ बघणं, ओढ्याकाठी बसणं, मोकळी हवा घेणं हा आपला हक्क आहे असं ती मानत होती. जमीनदाराच्या बग्गीतून दिसणारा मुलूख आता कामगाराला सायकलीवरून दिसू लागला. रस्त्यात दुसरा क्लॅरियनवाला भेटला की एकाने ‘बूट्स!’ अशी हाळी द्यायची आणि दुसऱ्याने ‘स्पर्स!’ असं ओरडून उत्तर द्यायचं. ओळख पटली की पुढचा टप्पा बरोबर. बायकाही या मंडळांत होत्या. १८९० च्या दशकात एकटीदुकटी बाई सायकलीवर दिसली की मुलं दगड मारायला कमी करत नसत, हे लक्षात घेतलं तर सोबतीने निघणाऱ्या त्या टोळीचं मोल कळतं.

त्यांची सायकलही जरा जवळून पाहण्यासारखी आहे. फ्रीव्हील तेव्हा रुळलं नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. चढावर दम निघे, पण खरी परीक्षा उतारावर. सायकलीने वेग घेतला की पायडलं पायांना घेऊन पळू लागत. मग चालवणारा पाय वर उचलून पुढच्या चिमट्यावरच्या छोट्या दांड्यांवर टेकवी, आणि खाली पायडलं गरगर फिरत राहत. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर वरून दाबला जाणारा एक ठोकळा. डर्बीशरच्या उतारांवर तेवढ्यावर भिस्त ठेवायची! धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याच्या पाट्या लावण्याचं काम सायकलवाल्यांच्याच संघटनांनी केलं. त्यातली सर्वांत जुनी प्रवासी संघटना १८७८ मध्ये हॅरोगेटला सुरू झाली. १८८३ पासून ती ‘सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब’ या नावाने ओळखली गेली.

या क्लबने आणखी एक मोठं काम केलं. रेल्वे आल्यावर घोड्यांच्या टपालगाड्या बंद पडल्या होत्या आणि हमरस्त्यांवरच्या खानावळी, सराया ओस पडल्या होत्या. क्लबने त्यांच्याशी दर ठरवून घेतले आणि अशा सरायांच्या भिंतींवर पंख लावलेल्या चाकाचं लोखंडी चिन्ह बसवलं. ते दिसलं की आत ठरल्या भावात जेवण आणि खाट मिळणार, आणि धुळीने माखलेल्या माणसाला कुणी दारातून परतवणार नाही. ओस पडलेल्या रस्त्यांवर पुन्हा वर्दळ सुरू झाली ती अशी. क्लॅरियनवाल्यांनी आपली स्वतःची विश्रामगृहंही उभारली. लँकशरमध्ये नेल्सनजवळ रफली इथलं १९१२ चं क्लॅरियन हाउस आजही रविवारी उघडतं. ते बांधायला विणकर संघटनेने कर्ज दिलं होतं. तिथे चहा अजून पाइंटाच्या मोठ्या मगातून मिळतो.

पहिल्या महायुद्धाने यातले कितीतरी तरुण नेले. इंग्लंडचा मध्यबिंदू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेरिडेन गावाच्या हिरवळीवर १९२१ च्या मे महिन्यात, युद्धात गेलेल्या सायकलस्वारांच्या स्मरणार्थ दगडी स्तंभ उभा राहिला. दरवर्षी मे महिन्यात चहूकडून लोक सायकली मारत तिथे येतात. साधारण मध्यावरचं गाव निवडल्यामुळे कुणालाच ते फार लांब पडत नाही.

फ्रान्समध्ये ईस्टरचा सोमवार १८८६ च्या कायद्याने सुट्टीचा झाला. तिथल्या रपेटीची गोष्ट मुख्यतः एका माणसाची आहे. पॉल द विवी, टोपणनाव ‘वेलोसिओ’. जन्म १८५३, दक्षिणेकडच्या प्रोव्हान्समधल्या पेर्नचा. रेशमाच्या व्यापारासाठी तो सेंट एत्येन या कोळशाच्या आणि कारखान्यांच्या शहरात आला, सायकलीच्या नादी लागला आणि १८८७ मध्ये त्याने सायकलचं मासिक काढलं. ईस्टरला तो शिष्यांना घेऊन प्रोव्हान्सला जाई. शहराच्या दक्षिणेला ११६१ मीटर उंचीची खिंड आहे. एप्रिलमध्येही तिथे बर्फ असू शकतं. ती रात्रीच ओलांडायची, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि नदीच्या काठाकाठाने दक्षिणेला लागायचं. दोनेकशे किलोमीटरवर चेरीच्या बागा बहरलेल्या. खोऱ्यातून वाहणारा मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा जाताना पाठीवर असतो, येताना तोंडावर.

एवढं अंतर कापणाऱ्याला रमतगमत हिंडणारा म्हणायचं का, असा प्रश्न कुणाला पडेल. मी म्हणेन, वेलोसिओनेच रमतगमत हिंडण्याला शिस्त दिली. त्याचे नियम सायकलवाल्यांत आजही सांगितले जातात. भूक लागायच्या आधी खावं, तहान लागायच्या आधी प्यावं. थांबे थोडे आणि आखूड असावेत. पहिल्या तासांत तर अजिबात जोर लावू नये. आणि फुशारकीसाठी कधी पायडल मारू नये. तो शाकाहारी होता. चढावर पाय हलका पडावा म्हणून तो गिअर बदलण्याच्या यंत्रणा स्वतः करून बघे आणि इतरांना वापरायला सांगे. तूर द फ्रान्स शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज याच्या नेमका विरुद्ध मताचा. गिअर हे उतारवयातल्या लोकांचं काम, तरुणाने स्नायूंवर जिंकावं, असं देग्रांज म्हणे. त्याच्या शर्यतीत व्यावसायिक स्पर्धकांना गिअर बदलायची यंत्रणा १९३७ पर्यंत मिळाली नाही. आज पुष्कळ सायकलींना असलेली ती सोय हौशी सहलीवाल्यांनी जोपासली, शर्यतवाल्यांनी तिला उशिरा जवळ केलं. वेलोसिओ १९३० मध्ये ट्रामच्या धक्क्याने गेला. ईस्टरची प्रोव्हान्सवारी फ्रेंच हौशी सायकलवाले अजून करतात.

हॉलंडमध्ये रीत आणखी जुन्या चालीला येऊन मिळाली. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, पहाटे अंधारातच उठून दव तुडवायला जायचं असा तिथला प्रघात. आता पुष्कळ लोक तो सायकलीवर पाळतात. वाट दाखवायला तिथल्या सायकल संघटनेने १९१९ पासून भूछत्राच्या आकाराचे बुटके खांब बसवले. सायकलवरून बसल्या जागी वाचता यावेत इतपत उंचीचे.

वाट दाखवण्याची आणखी एक पद्धत शेजारच्या बेल्जियममध्ये निघाली. तिथल्या लिंबर्ग प्रांतातल्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. शेवटची १९९२ मध्ये. खाणीत अभियंता असलेल्या ह्यूगो बोलेनला जमिनीखालच्या बोगद्यांमध्ये प्रत्येक फाट्याला क्रमांक देण्याची पद्धत माहीत होती. तीच त्याने वरच्या शेतरस्त्यांना लावली. १९९५ मध्ये पहिलं जाळं खुलं झालं. प्रत्येक फाट्यावर त्याचा क्रमांक आणि पुढच्या फाट्यांकडे बाण, एवढंच. लोक घरी नकाशा बघून चार-सहा आकडे कागदावर लिहितात, तो हँडलला चिकटवतात आणि निघतात. कंटाळा आला तर मधला आकडा गाळून लवकर घरी. एप्रिलमध्ये त्याच प्रांतातल्या हास्पेन्गाऊ भागात चेरी, पेअर आणि सफरचंद एकापाठोपाठ फुलतात, तेव्हा या आकड्यांच्या पाट्यांपाशी सायकली थबकलेल्या दिसतात. कोळसा वाहणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरही आता सायकलवाट आहे. पुढे हीच आकड्यांची पद्धत सगळ्या फ्लँडर्सने आणि हॉलंडने उचलली, आणि जर्मनीतही ती जागोजाग दिसते.