ट्रीटॉप्स

केनियाच्या मध्यवर्ती उच्चभूमीत, न्येरी गावानजीकच्या आबेरडेअर अरण्यातील एका पाणवठ्याकाठी बांधलेले व वन्य पशूंच्या रात्रदर्शनासाठी ख्याती पावलेले अतिथिगृह. मसाई मारासारख्या गवताळ मुलखात पाहुणा मोटारीतून श्वापदे धुंडाळीत हिंडतो. येथे तो कोंडून बसतो आणि श्वापदे मोकळी फिरतात.

या गृहाचे संस्थापक मेजर एरिक शेरब्रुक वॉकर हे गृहस्थ मोठे वल्ली. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात चोरट्या मद्यवाहतुकीचा धंदा करून त्याची कैफियत त्यांनी टोपणनावाने छापली होती. न्येरीत आउटस्पॅन हॉटेल काढल्यावर त्यांनी व त्यांच्या पत्नी लेडी बेटी यांनी १९३२ मध्ये, वड-उंबराच्या कुळातील व किकुयू लोकांना पवित्र असलेल्या मुगुमो वृक्षावर दोन खोल्यांचे लाकडी घर उभारले. आउटस्पॅनमध्ये भोजन उरकून मोटारीने अरण्याच्या तोंडाशी यावे, उरलेली पाऊलवाट बंदूकधारी शिकाऱ्याच्या पहाऱ्यात चालावी, हत्ती वा रानरेडा आडवा आल्यास झाडांना टेकविलेल्या शिड्यांचा आश्रय घ्यावा, आणि एकदा वर चढल्यावर सकाळपर्यंत खाली उतरू नये, बोलणेही कुजबुजीपलीकडे जाऊ देऊ नये, असा तेथील दस्तुर होता. पशूंनी यावे म्हणून काठावर मीठ टाकीत व चांदण्याचा भास देणारे दिवे लावीत. हत्ती, गेंडे, रानडुकरे येत. बबून माकडे तर थेट पाहुण्यांच्या फराळावरच हात मारीत. हिंदुस्थानातील शिकाऱ्यांना परिचित असलेले मचाणच हे. फरक इतकाच, की येथे नेम धरावयाचा नसून नुसते पाहावयाचे होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या गृहाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

लोकांच्या स्मरणात मात्र ते एका रात्रीमुळे राहिले. ५ फेब्रुवारी १९५२ रोजी राजकन्या एलिझाबेथ पतीसह येथे मुक्कामास होती. कुमाऊँच्या नरभक्षकांमुळे मराठी वाचकांनाही ज्ञात असलेले जिम कॉर्बेट, त्या काळी न्येरीवासी, त्या रात्री सोबतीस होते. तिचे वडील राजे सहावे जॉर्ज त्याच रात्री लंडनहून दूर सँड्रिंगहॅम येथे निद्रेत निवर्तले. वृक्षावरच तिला राज्यप्राप्तीची वार्ता कळली ही समजूत निराधार होय. ती दुसऱ्या दिवशी सगाना येथील निवासात कळली.

त्याच वर्षी केनियात आणीबाणी पुकारली गेली आणि किकुयूंच्या माउ माउ बंडाच्या धामधुमीत, १९५४ मध्ये, बंडखोरांनी मूळ घर जाळले. ज्या भूमीच्या मालकीसाठी किकुयू लढत होते तिच्याच मधोमध, त्यांच्याच पवित्र वृक्षावर ते उभे होते, हे ध्यानात घेता या कृत्याचे फारसे आश्चर्य वाटू नये. १९५७ मध्ये पाणवठ्याच्या पलीकडील काठावर खांबांवर उचललेली अधिक प्रशस्त इमारत बांधण्यात आली. मिठाच्या व पाण्याच्या ओढीने जमणाऱ्या हत्तींनी पुढे भोवतालची झाडे सोलून व मोडून टाकल्याने, एके काळी घनदाट असलेला हा परिसर बराचसा उघडा पडला.