वरूड ते गाविलगड : सातपुड्याच्या पायथ्याची ऐतिहासिक सहल

नाताळच्या व उन्हाळ्याच्या सुटीत धर्मग्रामांतून सहली निघतात. ज्यांना शक्य असते ती कुटुंबे युरोपलाही जातात. तेथे राजवाडे, किल्ले व रणांगणे पाहताना ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे नाव हमखास कानी पडते. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा हाच सेनापती त्यापूर्वी बारा वर्षे अमरावती जिल्ह्यातील गाविलगडापुढे तळ देऊन होता. वॉटर्लू पाहून आलेल्या आपल्यापैकी किती जणांनी गाविलगड पाहिला आहे, हा प्रश्न स्वतःस विचारण्याजोगा आहे.

संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वरूडहून मोर्शी, रिद्धपूर व अचलपूरमार्गे चिखलदऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर वऱ्हाडचा दीर्घ इतिहास विखुरलेला आहे. दोन दिवसांत ही सहल सावकाश पूर्ण होते. येथील प्रमुख स्थळांची माहिती वाटेच्या क्रमाने पुढे दिली आहे.

सालबर्डी

मोर्शीपासून सुमारे ८ किलोमीटरवर, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर सालबर्डी हे गाव वसले आहे. येथील डोंगरात खडकात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. त्यांची रचना लहान विहारांसारखी आहे. जवळच डोंगरातील गुहेत महादेवाचे स्थान असून महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. यात्रेच्या दिवसांत गर्दीमुळे लेणी निवांतपणे पाहता येत नाहीत; म्हणून अभ्यासासाठी जाणाऱ्यांनी इतर दिवस निवडावा. महानुभाव पंथीयही या गावास आपले पवित्र स्थान मानतात.

रिद्धपूर

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेरघर होय. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू येथे राहत असत. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य व इतर अनुयायी रिद्धपुरास आले. तेथे म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते अशा माणसांना गाठून, विचारून, पडताळून त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. हा ग्रंथ सुमारे १२७८ चा मानला जातो. संस्कृत हीच विद्वानांची भाषा असताना, सामान्य स्त्रीपुरुषांना कळावे म्हणून मराठीतच लिहावे असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. आद्य मराठी कवयित्री महदंबा हिचे 'धवळे' याच गावाशी निगडित आहेत.

महानुभाव परंपरेनुसार 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत पुढे लुटालुटीत नाहीशी झाली व अनुयायांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले. अर्थात, आज आपण जो ग्रंथ वाचतो तो माणसांनी जतन केलेल्या स्मृतीचे फळ आहे. १४ व्या शतकात याच पंथात 'स्थानपोथी' लिहिली गेली. स्वामी कोठे बसले, कोठे राहिले, ते स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, याची काटेकोर नोंद तीत आढळते. मराठीतील हा जणू पहिला स्थलदर्शक ग्रंथ होय. डॉ. वि. भि. कोलते यांनी या दोन्ही ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या आहेत.

गावात फिरताना जी स्थाने पूजिली जातात ती या नोंदींशी जुळवून पाहता येतात. मराठी भाषेस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूर येथेच स्थापन केले आहे.

अचलपूर व मुक्तागिरी

रिद्धपूरहून चांदूर बाजारमार्गे अचलपूरला जाता येते. जुन्या कागदपत्रांत या शहराचे नाव एलिचपूर असे येते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने. बहामनी राज्य दुबळे झाल्यावर फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४९० मध्ये येथे इमादशाहीची स्थापना केली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती जिंकून घेतली. शहराचे जुने दरवाजे व तटाचे अवशेष, तसेच हौज कटोरा हा अष्टकोनी मनोरा पाहण्यासारखा आहे.

परतवाड्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर मुक्तागिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. ते मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडते. डोंगरउतारावरील ५२ मंदिरे व त्यांच्या मधोमध कोसळणारा धबधबा यांमुळे पावसाळ्यानंतर हे स्थळ विशेष रमणीय दिसते. पायऱ्या बऱ्याच असल्याने वृद्धांना पुरेसा वेळ द्यावा.

गाविलगड

परतवाड्याहून घाटाने सुमारे ३० किलोमीटर चढून गेल्यावर चिखलदरा लागते आणि तेथून जवळच गाविलगड आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५-२६ मध्ये हा किल्ला बांधल्याचे सांगितले जाते. दिल्ली दरवाजावरील शिल्पांत हत्तींना पकडलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी दिसतो. आत मोठी मशीद, तलाव, बुरूज व तोफा आहेत.

१८०३ मध्ये किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. २९ नोव्हेंबर रोजी अडगाव येथे भोसले व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केल्यावर आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढील ड्यूक ऑफ वेलिंग्टन, गाविलगडाकडे वळला. कर्नल स्टीव्हन्सन याने डोंगरातून मोठ्या कष्टाने तोफा ओढून नेऊन उत्तर बाजूने तटास खिंडार पाडले. १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग व त्याचे अनेक सैनिक लढता लढता धारातीर्थी पडले. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला. १८५८ मध्ये इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली. वॉटर्लूच्या विजयाचे स्मारक जगभरातील लोक पाहतात. बेनीसिंगाचे नाव मात्र त्याच्याच जिल्ह्यात फारसे घेतले जात नाही.

सहलीची पूर्वतयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहिल्या दिवशी सालबर्डी व रिद्धपूर पाहून परतवाडा किंवा चिखलदरा येथे मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड व परतताना मुक्तागिरी पाहावी. गाविलगडाचा परिसर मेळघाटच्या जंगलात येतो. तेथे वनखात्याचे नियम पाळावेत, सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे व पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

सर्व धार्मिक स्थळी पादत्राणे, वेशभूषा व छायाचित्रण यांविषयी तेथील व्यवस्थापकांना आधी विचारावे. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी आपण पाहुणे असतो, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे. भिंतींवर नावे कोरण्याचा मोह सर्वांनीच टाळावा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यात २०१० साली केलेल्या सुधारणेनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी एक सूचना. सहलीत एक वही अवश्य ठेवावी. कोणते स्थान कोठे आहे, त्याची आज काय अवस्था आहे व गावातील वडीलधारी मंडळी त्याविषयी काय सांगतात, हे मुलांकडून लिहवून घ्यावे. सातशे वर्षांपूर्वी रिद्धपुरात माणसांना विचारून लिहून ठेवणारे होते, म्हणूनच तेथील आठवणी आपल्यापर्यंत पोहोचल्या. आज उभे असलेले दरवाजे व बुरूज उद्या ढासळले, तर अशा वहीतील चार ओळीही पुढच्या पिढीच्या उपयोगी पडतील.