दिनविशेष, १५ ऑक्टोबर : भायखळ्याच्या मंडईतून महापौरपदापर्यंत

मुंबईचे माजी महापौर छगन भुजबळ यांचा जन्म १९४७ साली आजच्या दिवशी नाशिकचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. माझगावात वाढताना भायखळ्याच्या मंडईत भाजी विकली. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, पण ओढा शिवसेनेच्या शाखेकडे. १९७३मध्ये ते नगरसेवक झाले.

१९८५ हे वर्ष निर्णायक. विधानसभेत शिवसेनेचे ते एकटेच आमदार. त्याच वर्षी मुंबई पालिकेत पक्षाची सत्ता आली आणि महापौरपदही त्यांच्याकडेच आले. कारभाराच्या चाव्या आयुक्तांच्या हाती आणि महापौराची मुदत तेव्हा वर्षाची, त्यामुळे या खुर्चीत बरेच जण शोभेपुरते उरत. भुजबळ तसे उरले नाहीत. ‘सुंदर मुंबई, मराठी मुंबई’ची हाक त्यांनी दिली. १९८६च्या सीमा आंदोलनात बंदी चुकवून, वेषांतर करून ते बेळगावात शिरले. तो किस्सा आजही रंगवून सांगितला जातो, आणि अभियंत्यापेक्षा त्यात नटच जास्त दिसतो. १९९०मध्ये ते पुन्हा महापौर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी शिवसेना सोडली, १९९२मध्ये महात्मा फुले समता परिषद काढली आणि १९९९मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले.

फुल्यांचे नाव निघालेच आहे, तर एक जोड : जोतीराव स्वतः बांधकाम कंत्राटदार होते, येरवड्याच्या पुलाच्या कामाशी त्यांचे नाव जोडले जाते, आणि १८७६पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते.