बेलमनचीं गीतें व त्यांतील ऐतिहासिक व्यक्ति

काव्यांतील उल्लेख इतिहासाचें साधन म्हणून स्वीकारतांना संशोधकानें किती सावध असावें, याचें एक बोधप्रद उदाहरण स्वीडन देशाच्या वाङ्मयांत आढळतें. कार्ल मिकाएल बेलमन हा त्या देशाचा अठराव्या शतकांतील अत्यंत लोकप्रिय कवि व गायक होय. त्याच्या गीतांत स्टॉकहोम नगराच्या गल्ल्या, मद्यगृहें, नौका व अंत्ययात्रा इतक्या प्रत्यक्षपणें येतात कीं, तीं गीतें म्हणजे त्या नगराची बखरच होय असें वाचकास वाटावें. तीं खरोखर बखर आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

बेलमनचा जन्म ४ फेब्रुवारी १७४० रोजीं स्टॉकहोम येथें झाला. त्याचा पितामह उप्साला विद्यापीठांत वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. म्हणजे घराणें विद्वानांचें होतें. १७५७ मध्यें तो राष्ट्रीय पेढींत उमेदवार म्हणून लागला. परंतु ऋणाचा भार असह्य होऊन १७६३ मध्यें त्यास नॉर्वेंत पळून जावें लागलें. परतल्यावर त्यानें जकात खात्यांत नोकरी केली. १७७२ मध्यें राजा तिसरा गुस्ताव यानें सर्व सत्ता हातीं घेतली, तेव्हां बेलमननें त्याच्या गौरवार्थ गीत रचलें; पुढें १७७६ मध्यें राजानें त्यास राजकीय सोडतीच्या कचेरींत चिटणिसाचें पद दिलें.

बेलमनचे दोन प्रमुख संग्रह आहेत : 'फ्रेडमनचीं पत्रें' (१७९०), यांत ८२ गीतें आहेत, व 'फ्रेडमनचीं गीतें' (१७९१), यांत ६५ आहेत. पहिल्या संग्रहाचें नांव ख्रिस्ती धर्मग्रंथांतील पौलाच्या पत्रांचें विडंबन होय. येथें उपदेशक फ्रेडमन असून त्याचें दैवत मद्यदेव बाकस आहे. बहुतेक चाली बेलमनच्या स्वतःच्या नाहींत. फ्रेंच संगीतिका व नृत्यें यांतील परिचित चाली घेऊन त्यांवर तो पदें बसवी व 'सिस्टर' नांवाच्या तंतुवाद्यावर स्वतः गाई. मध्येंच शिंग, सारंगीसदृश मोठें वाद्य इत्यादिकांचे ध्वनि मुखानें काढी. चाल उसनी म्हणून काव्य उसनें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. हलक्या नृत्याच्या चालीवर मृत्यूचा प्रसंग बसवून तो हास्य व करुण या दोन रसांचा संकर साधतो. केलग्रेन या प्रतिष्ठित कवीनें १७७८ मध्यें बेलमनवर टीका केली होती. त्यानेंच १७९० च्या संग्रहास प्रशंसापर प्रस्तावना लिहिली.

आतां मुख्य प्रश्न. फ्रेडमन हा कविकल्पित नव्हे. जां फ्रेडमन नांवाचा घड्याळजी स्टॉकहोममध्यें होऊन गेला. तो राजदरबाराचा कारागीर असून पुढें विपन्नावस्थेस पोंचला व १७६७ मध्यें मरण पावला. 'पत्रें' रचण्यास बेलमननें साधारणतः त्यानंतर आरंभ केला. अर्थात् ज्याच्या मुखीं हीं गीतें घातलीं आहेत, तो तीं ऐकावयास हयात नव्हता. मृताच्या नांवाशीं असें स्वातंत्र्य घेणें क्षम्य मानतां येईल.

उल्ला विन्ब्लाड या नायिकेची गोष्ट निराळी आहे. गीतांतील उल्ला कधीं ड्यूरगार्डन बेटाकडे नौकेनें निघालेली सागरोत्पन्न रतिदेवी असते, तर कधीं मद्यगृहांतील गणिका. तिच्यामागें जी वास्तविक स्त्री होती तिचें नांव मारिया क्रिस्तीना शेल्स्ट्रोम (१७४४-१७९८). १७७२ मध्यें तिनें एरिक नॉर्डस्ट्रोम या जकात नोकराशीं विवाह केला. गीतांत उल्लेचा पति नॉर्स्ट्रोम हाहि जकातीचाच मनुष्य आहे. मृच्छकटिकांतील वसंतसेनेचा मूळ आधार कोणी शोधला तरी तिला आतां बाध येणार नाहीं. परंतु मारिया ही आपल्या नगरांत, आपल्या शेजाऱ्यांमध्यें राहणारी स्त्री होती. विधवा झाल्यावर तिनें १७८६ मध्यें पुनर्विवाह केला, आणि तत्पूर्वींच हस्तलिखितांच्या द्वारें पसरलेलीं हीं गीतें चार वर्षांनीं छापून घरोघर पोंचलीं. कवीस कीर्ति मिळाली. तिच्या वांट्यास टोपणनांव आलें.

म्हणून गीतांवरून मारियेचें चरित्र लिहिणें हा अन्याय होय. तिच्याविषयीं प्रमाण मानावयाचें तें विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदींस. गीतें प्रमाण आहेत तीं अन्य गोष्टींविषयीं : त्या काळीं कोणत्या चाली लोकांस अवगत होत्या, मद्यगृहें कोठें होतीं, क्षयासारख्या रोगाकडे लोक कसे पाहत. तिसाव्या पत्रांत क्षयग्रस्त मोविट्झ या मित्रास उद्देशून पद आहे.

१७९२ मध्यें गुस्ताव राजाचा वध झाला व बेलमनचा आधार तुटला. १७९४ मध्यें ऋणापायीं त्यास कैद झाली. तेथें त्यानें आत्मवृत्त लिहिलें. तेंहि विनोदाच्या अंगानें लिहिलेलें असल्यामुळें पडताळा पाहिल्यावांचून ग्राह्य धरूं नये. ११ फेब्रुवारी १७९५ रोजीं तो क्षयानेंच वारला. १८२९ मध्यें ड्यूरगार्डन येथें त्याचा अर्धपुतळा उभारण्यांत आला. त्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ती मान्य करतांना, जिच्या जीविताचा अंश त्यानें घेतला त्या मारियेस तिचें स्वतःचें नांव परत देणें, हें इतिहासकाराचें कर्तव्य होय.