धाब्याचे घर (नंदुरबार जिल्हा)

सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभे असलेले, सपाट मातीच्या छपराचे खानदेशी घर. नंदुरबार, शहादा, तळोदा या गावांच्या जुन्या पेठांत ते दुमजली वाड्याच्या रूपात, तर खेड्यांत दोन-तीन खणांचे आढळते. देशावर अशा छपराला माळवद म्हणतात.

घराचे माप खणांत सांगतात. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात. ओल आणि वाळवी त्यामुळे लांब राहते. खांबाच्या माथ्यावर तुळई, तुळईवर कड्या. सांधे साल-कुसवाचे : एका लाकडात भोक, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ. कड्यांवर फळ्या किंवा किलच्या, त्यावर पालापाचोळा आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरून चोपतात. एक वर्ष कंटाळा केला, की माजघरात गळतीखाली पातेली मांडायची वेळ येते. (नियम धाब्यावर बसवता येतात, धाबे नाही.)

लाकूड सातपुड्यातले. एकोणिसाव्या शतकात तळोदा हा खानदेशातला लाकडाचा प्रमुख बाजार होता आणि तिथल्या बैलगाड्याही नावाजलेल्या होत्या. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर सांगाडा तोच, पण साधा : दुबेळक्याचे खांब, शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या भिंती आणि वर उतरते कौलारू छप्पर.

जर्मनीतल्या हिल्डेसहाइमचे खाटीक संघाचे घर (1529) हेही लाकडी सांगाड्याचेच. 1945च्या बाँबहल्ल्यात ते जळाले आणि 1980च्या दशकात पुन्हा बांधले गेले. तिथे सांगाडा दर्शनी भिंतीवर मिरवतो. आपल्याकडे तो भिंतींच्या आत असतो, आणि छपराचा भार मुख्यतः तोच वाहतो. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या, तरी लाकडी खणांचे सांगाडे अनेक ठिकाणी उभे राहिले. उणे आहे ते मातीच्या वजनात. आधार सुटला तर तोच थर माणसांवर येतो.

आता स्लॅबसाठी वाडे उतरवले जातात. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळते, त्यामुळे खांब चिरून दारे-खिडक्या होतात. तळखडा मात्र कोणी नेत नाही. तो न्हाणीपाशी कपडे धुवायला पडून राहतो, आणि मधल्या कुसवाच्या भोकात पाणी साचते.